कार्पेंटारिया: नदीनं पाठ फिरवलेल्या बंदराची गोष्ट

सोनकी

अलेक्सिस राइट यांची 'कार्पेंटारिया' ही कादंबरी मी तीन वर्षांपूर्वी नव्वदाव्या पानावर सोडून दिली होती. राग आला होता असंही नाही. कोण कुणाचा कोण, हे आत्ता चाललंय की पन्नास वर्षांपूर्वी, बोलतंय कोण, काहीच हाताला लागेना. खूण म्हणून घातलेली लाँड्रीची पावती तशीच आत राहिली.

या पावसाळ्यात डोळ्याचं छोटं ऑपरेशन झालं आणि आठ दिवस वाचायला बंदी. नवऱ्याला म्हटलं, काहीतरी वाचून दाखव. पावती बाहेर डोकावत होती म्हणून त्यानं कपाटातून नेमकं हेच काढलं. त्याला इंग्रजी कादंबऱ्यांची सवय नाही. त्यामुळे सावकाश, अडखळत, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबत वाचायचा. दुसऱ्या संध्याकाळी माझी ट्यूब पेटली. ही वाक्यं डोळ्यांसाठी लिहिलेलीच नाहीत. कुणीतरी म्हातारं माणूस ओट्यावर बसून सांगतंय, मधेच शेजाऱ्याची टर उडवतंय, तिथून थेट आकाशातल्या सापाकडे जातंय, आणि 'हां, तर काय सांगत होतो' असं म्हणायची तसदी न घेता परत गावच्या भांडणात. आठ दिवस संपले तरी मी त्याला वाचायला लावलं. पाचशेहून जास्त पानं आहेत, बिचारा.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला नकाशात घास तोडल्यासारखी जी मोकळी जागा दिसते ते कार्पेंटारियाचं आखात. नाव डच. १६२३ साली यान कार्स्टेन्सझोन नावाचा दर्यावर्दी तिथून गेला आणि आपल्या साहेबाचं, गव्हर्नर जनरल पीटर डी कार्पेंटियरचं नाव ठेवून मोकळा झाला. तिथे ज्यांची घरं होती त्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता. आखाताच्या दक्षिणेकडचा डोंगराळ मुलूख तिथल्या मूळच्या वान्यी लोकांचा, आणि राइट त्यांच्यातल्या. जन्म १९५०. वडील गोरे, गुरांच्या धंद्यातले, या पाच वर्षांच्या असताना वारले. क्लॉनकरी गावात आई आणि आजीनं वाढवलं. आजीच्या गोष्टींचं ऋण त्या नेहमी सांगतात. हे हस्तलिखित मोठ्या प्रकाशकांनी परत पाठवलं होतं. शेवटी जिरामोंडो नावाच्या छोट्या प्रकाशनानं २००६ मध्ये काढलं, आणि २००७ चा माइल्स फ्रँकलिन हा तिथला मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला. ज्यांनी परत पाठवलं त्यांच्या तोंडाकडे बघायला मला आवडलं असतं.

गाव काल्पनिक आहे, डेस्परन्स. बंदर म्हणून वसवलेलं. पण एका पावसाळ्यात नदीनं पात्र बदललं आणि बंदराला पाणीच उरलं नाही. गोरी वस्ती मधोमध, तिचं नाव अपटाउन. कडेला काटेरी झुडपांत, पत्रे आणि पुठ्ठे जोडून, अॅबोरिजिनल, म्हणजे तिथले मूळचे लोक राहतात. त्यातही दोन तट: पश्चिमेकडचे नॉर्म फँटमचे, पूर्वेकडचे जोसेफ मिडनाइटचे. एकमेकांचं तोंड बघत नाहीत. नॉर्म म्हातारा मच्छीमार. मेलेल्या माशांत भुसा भरून, रंगवून तो त्यांना पुन्हा जिवंत दिसायला लावतो. त्याची बायको एंजल डे. मुलगा विल, खाणीच्या विरोधात उभा राहिलेला, आणि प्रेमात पडला तो नेमका मिडनाइटच्या घरातल्या होपच्या. एवढं वाचून ओळखीची प्रेमकथा वाटेल, तर तसं काही नाही.

सुरुवात मात्र माणसांपासून होतच नाही. आकाशातून एक प्रचंड साप उतरतो, चिखलातून सरपटत जातो, त्याच्या सरपटण्यानं नद्या कोरल्या जातात, मग तो जमिनीखाली चुनखडीत जाऊन राहतो. अजून तिथेच आहे. तो श्वास घेतो तसं नदीचं पाणी आत येतं आणि बाहेर जातं. पहिल्या वाचनात मला हे 'प्रास्ताविक' वाटलं होतं. चूक तिथेच झाली. नदी गाव सोडून का गेली, शेवटचं वादळ काय करतं, नॉर्म अंधारात होडी कशी नेतो, या सगळ्याचं उत्तर त्या दोन-तीन पानांत आहे. सापाला कुणीतरी बंदर बांधतोय म्हणून स्वस्थ पडून राहायचं कारण काय?

एक प्रसंग सांगते आणि थांबते. खाण येणार म्हणून सरकार मूळच्या लोकांना खूश करायचं ठरवतं. कुण्या मेलेल्या राणीचं नदीला दिलेलं नाव काढून 'नॉर्मल्स रिव्हर' असं ठेवतात, आपल्या नॉर्मच्या नावानं. समारंभ, लाउडस्पीकर, बाहेरून आलेले पाहुणे. नॉर्म माइकवर आपल्या भाषेत जोरात काहीतरी बोलतो. पाहुण्यांना वाटतं आभार मानतोय. ज्यांना भाषा कळते त्यांना कळतं की म्हातारा शिव्या घालतोय, आणि चांगल्या वेचक. नदीला तिचं नाव आधीपासून आहे हे त्याला ठाऊक आहे. आमच्या घरी या पानावर वाचन पाच मिनिटं थांबलं होतं, हसण्यामुळे.

तुमच्यापैकी कुणी वाचलंय का? कुठे अडलात?

टकमक

मी शंभराव्या पानावर अडलो, म्हणजे तुमच्यापेक्षा दहा पानं पुढे. :)

प्रामाणिकपणे सांगतो, पुरस्कार मिळाला म्हणून पुस्तक उचललं आणि पुरस्कार मिळालाय म्हणून वाईट म्हणायची हिंमत झाली नाही. तुमची पोस्ट वाचून पुन्हा प्रयत्न करावासा वाटतोय, पण आमच्या ग्रंथालयातली एकुलती प्रत चार महिने कुणीतरी दाबून बसलंय. विचारलं की 'बाहेर आहे' एवढंच उत्तर.

अर्धाचहा

छान लिहिलंय. मला ही कादंबरी सरळ जादुई वास्तववादाची ऑस्ट्रेलियन आवृत्ती वाटली होती. लॅटिन अमेरिकेतल्यांनी जे साठ-सत्तरच्या दशकात केलं तेच इथे: समुद्रातून चालत येणारा, स्मृती गेलेला माणूस (एलायस), प्रेताशी होडीत गप्पा, पोटात पृथ्वीचा इतिहास घेऊन फिरणारं वादळ. तंत्र उत्तम आहे, पण नवं नाही.

खाजणवाट

अर्धाचहा, जादू कुणासाठी?

आमचं घर खाडीच्या काठाला, मालवणच्या बाजूला. रात्री राखणदार फिरतो आणि त्याच्या वाटेत झोपायचं नसतं, हे आजी जितक्या सहज सांगायची तितक्याच सहज 'उद्या सुकती सकाळी लवकर आहे, कालवं काढायला जायचंय' हेही सांगायची. दोन्ही माहितीच्याच गोष्टी. तिच्या तोंडी यातलं एक वास्तव आणि दुसरी जादू असं काही नव्हतं. शिकून परत आलेल्या नातवंडांना ती जादू वाटायला लागली, हा नातवंडांचा प्रश्न.

म्हणजे आजीचा राखणदार आणि वान्यी लोकांचा साप एकच असं मी म्हणत नाहीये. उगाच गळ्यात गळे नकोत. मुद्दा सांगणाऱ्याच्या सुराचा आहे. राइट यांचा निवेदक सापाबद्दल बोलताना आवाज गूढ करत नाही. अपटाउनच्या गोऱ्यांबद्दल बोलताना मात्र हमखास डोळे मोठे करतो. आपल्या गावाभोवती एक अदृश्य जाळं आहे आणि ते सगळ्या संकटांपासून आपलं रक्षण करतं, असं त्या लोकांना वाटतं. कादंबरीत अंधश्रद्धा शोधायचीच असेल तर ती तिथे आहे.

आणि भरती-ओहोटीचं लिखाण! नॉर्म पाण्यावर असतो ती पानं मी माझ्या काकांना सांगितली. ते रापणीवर जायचे. म्हणाले, 'वारो फिरलो की कानामागसून कळता, तां लिवलला हा काय?' पुस्तकात कान नव्हे, पण तारे आणि माशांच्या वाटा आहेत. त्याला आखात पाठ आहे, आपल्याला गल्ली पाठ असते तसं. एलायसचं प्रेत घेऊन तो एकटा होडीतून जातो, प्रचंड ग्रोपर मासे जिथे जमतात त्या ठिकाणी त्याला सोडायला. तो भाग वाचताना मला पहिल्यांदाच असं झालं की समुद्राचं वर्णन वाचतोय असं वाटलंच नाही, माणूस घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातोय असं वाटलं.

अर्धाचहा

घेतला शब्द मागे. अर्धा.

भूगर्भ

मी ऑस्ट्रेलियात खाणकामात दहा वर्षं काढली, त्यातली चार माउंट आयझा या खाणींच्या गावात. त्यामुळे हा धागा पाहून राहवलं नाही. कादंबऱ्या मी फार वाचत नाही. हे पुस्तक एका सहकाऱ्यानं, तो वान्यी नव्हता पण त्याच भागातला होता, मला निघताना दिलं. म्हणाला, 'इथे काय करत होतास ते वाच.'

पुस्तकातली खाण काल्पनिक आहे, गरफरिट. पण त्या मुलखात खरी खाण होती, सेंच्युरी. माउंट आयझाच्या वायव्येला साधारण अडीचशे किलोमीटर. जस्ताची, जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. १९९७ मध्ये तिथल्या समूहांशी करार झाला, १९९९ मध्ये उत्पादन सुरू. खनिज दळून, पाण्यात कालवून, त्याचा गाळ ३०४ किलोमीटर लांबीच्या नळातून आखातावरच्या करुंबा बंदरात नेत. विल फँटमच्या मागे सगळे लागलेत ते अशाच एका नळामुळे. करारावरून त्या लोकांच्या आपसांत किती फाटलं हे मी कँटीनमध्ये ऐकलंय. एकाच घरातले दोन भाऊ, एक खाणीत ट्रक चालवणारा आणि दुसरा त्याच्याशी न बोलणारा. फँटम आणि मिडनाइट यांचं भांडण वाचताना मला ते दोघं दिसत होते.

आता गंमत ऐका. सोनकीताईंनी नदी गाव सोडून गेल्याचं लिहिलंय. करुंबाचं बंदर इतकं उथळ की मोठी जहाजं आत येऊच शकत नाहीत. ती दूर खोल पाण्यात उभी राहणार आणि एक लहान बोट, तिचं नाव वुन्मा, किनाऱ्यावरून माल नेऊन त्यांच्यात ओतणार. कादंबरी आली २००६ मध्ये. २००७ च्या फेब्रुवारीत नेल्सन नावाचं चक्रीवादळ आलं आणि ती वुन्मा मालासकट आखातात सापडली. माणसं हेलिकॉप्टरनं उचलली, सगळी वाचली, बोटही बुडाली नाही. पण ज्यानं पुस्तकाचा शेवट वाचलाय त्याला ती बातमी कशी वाटली असेल!

अजून एक. आखाताजवळच्या बर्कटाउनला सप्टेंबर-ऑक्टोबरात पहाटे एक ढग येतो, मॉर्निंग ग्लोरी म्हणतात. ढग म्हणजे लाटणं. सरळ, गोल, या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत, कधी कधी हजार किलोमीटर लांब. तो डोक्यावरून जातो तेव्हा आधी एकदम गार वारा लागतो आणि मग सगळं शांत. ग्लायडरवाले लांबून येतात त्यावर स्वार व्हायला. मी दोन वेळा हुकलो आणि तिसऱ्यांदा पाहिला. नंतर पुस्तकाचं पहिलं पान उघडलं तर सापाचं वर्णन मला अजिबात अवघड गेलं नाही.

पानपट्टी

सगळे नॉर्म नॉर्म करताय. एंजल डेबद्दल कुणी बोलेल का?

पुस्तकातला सगळ्यात जिवंत प्रसंग उकिरड्यावरचा आहे. अपटाउनचा कचरा जिथे पडतो तिथे ती रोज जाते. घर उभं केलंय तेच त्या कचऱ्यातून, आणि तेही (नॉर्मच्या मते) सापाच्या बिळावर. त्या दिवशी तिला एक घड्याळ सापडतं. चालणारं. ती ते लपवते आणि मनात हिशेब सुरू होतो की आता मुलं वेळेवर उठतील, शाळेत जातील, आपणही वेळेवर चालणारी माणसं होऊ. मग कुमारी मेरीची मूर्ती सापडते, रंग उडालेली. आणि तिला ठामपणे वाटतं की गोऱ्यांचं नशीब ज्याच्यामुळे फळफळलं ते हेच, आता ते आपल्याकडे आलं. आजूबाजूच्या बायका बघताहेत. कुणीतरी म्हणतं, हा उकिरडा काय हिच्या बापाचा? तिथून जी मारामारी पेटते तिनं अख्खी वस्ती दुभंगते. पूर्व-पश्चिम तट पडतात ते या दिवशी. महायुद्ध, आणि कशावरून तर फेकून दिलेल्या मूर्तीवरून!

पुढे ती नवऱ्याचे मासे रंगवायचे रंग घेऊन मूर्ती स्वतःच दुरुस्त करते, आणि रंगवून झाल्यावर मेरी त्याच किनाऱ्यावरची बाई दिसायला लागते. या एका परिच्छेदासाठी मी लेखिकेला शंभर गुन्हे माफ केले.

पण गुन्हा आहे. एंजल नॉर्मला सोडून मॉझी फिशमनबरोबर जाते (मॉझी म्हणजे मोडक्या गाड्यांचा ताफा घेऊन पूर्वजांच्या वाटांवरून वर्षानुवर्षं फिरणारा धर्मवेडा). त्यानंतर तिचं काय होतं ते लेखिका उडतउडत सांगते. पुरुषांना समुद्र, वादळ, बलिदान, तरंगतं बेट. तिला काय? होपलासुद्धा शेवटच्या शंभर पानांत कुठे चेहरा मिळतो. महाकाव्य म्हटलं की बायका लढाईला कारण म्हणूनच लागतात का?

सोनकी

पानपट्टी, पटलं. माझाही तोच सल आहे, मी पोस्टमध्ये गिळला. एक मात्र म्हणेन, गोष्ट सांगणारा आवाज मला कायम बाईचा वाटत राहिला. शेजारणीची खोड काढायची पद्धत पुरुषाची नाही ती.

मेघमल्हार

भाषेबद्दल थोडं, कारण मराठीत या विषयावर लिहिताना दोन शब्द हमखास चुकतात.

पहिला, 'स्वप्नकाळ'. इंग्रजीतल्या ड्रीमटाइमचं (सापानं नद्या कोरल्या तो घडणीचा काळ) शब्दशः भाषांतर. मुळात तो इंग्रजी शब्दच गोंधळातून आलाय. मध्य ऑस्ट्रेलियातल्या अरेंटे लोकांच्या अल्टयेरे या संकल्पनेला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाल्डविन स्पेन्सर आणि फ्रँक गिलेन यांनी इंग्रजीत हे नाव चिकटवलं आणि ते सगळ्यांनाच लागू झालं. त्या खंडात अडीचशेहून जास्त भाषा होत्या आणि प्रत्येकीत यासाठी वेगळा शब्द. वार्लपिरीत जुकुर्पा, पित्जान्जाजारात चुकुर्पा. यात झोप नाही आणि 'फार पूर्वी'ही नाही. डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर या मानववंशशास्त्रज्ञानं त्यासाठी 'एव्हरीव्हेन' असा शब्द घडवला. मराठीत 'सदाकाळ' म्हणता येईल. साप तेव्हा आला, आत्ताही येतोय.

सोनकी म्हणतात ना की हे आत्ता चाललंय की पन्नास वर्षांपूर्वी कळेना? न कळणं बरोबरच होतं.

दुसरा, 'मिथक'. मिथक म्हटलं की आपण ती गोष्ट खरी नसलेल्यांच्या कप्प्यात टाकतो आणि मग तिचं कौतुक करतो. तिथले लोक इंग्रजीत बोलताना यासाठी 'लॉ' म्हणतात. कायदा. कुणी कुठे मासे धरायचे, कुणी कुणाशी लग्न करायचं, कुठल्या जागी मोठ्यानं बोलायचं नाही, सगळं त्या सापाच्या गोष्टीत बसवलेलं. सातबारा, पंचांग आणि पुराण एकाच गाण्यात असल्यासारखं.

आणि हे नुसतं कवितेपुरतं नाही. १९९२ च्या ३ जूनला माबो खटल्यात तिथल्या उच्च न्यायालयानं (ते तिथलं सर्वोच्च न्यायालय) ही भूमी बेवारस होती हे गृहीतक मोडीत काढलं आणि १९९३ मध्ये मूळ मालकीहक्काचा कायदा झाला. आखाताकडचंच उदाहरण: तिथल्या मूळच्या लोकांतले मुरांडू यानर यांनी पारंपरिक भाल्यानं दोन लहान मगरी मारल्या म्हणून त्यांच्यावर खटला भरला गेला. तो वर वर जात १९९९ मध्ये त्याच न्यायालयात त्यांच्या बाजूनं लागला. क्वीन्सलँड राज्याचा परवान्याचा कायदा त्यांच्या हक्काला गिळू शकला नाही. नॉर्म फँटमला वकिलाची गरज का वाटत नाही हे बघा, आणि विलला का वाटते हेही.

बारकावे

मेघमल्हार यांनी चांगली बाजू सांगितली, मी दुसरी सांगतो.

कादंबरीत तीन लहान मुलगे आहेत, नशेसाठी पेट्रोल हुंगणारे. गावातल्या एका खुनाचा आळ त्यांच्यावर येतो आणि ते कोठडीत मरतात. त्या पानांवर निवेदकाची थट्टा बंद होते. पुस्तकात बाकी कुठेही ती इतका वेळ बंद राहत नाही. तिथल्या वाचकाला हे काल्पनिक वाटूच शकत नाही. कोठडीतल्या अॅबोरिजिनल मृत्यूंवर १९८७ मध्ये राजचौकशी आयोग नेमला होता. त्यानं ९९ मृत्यू तपासले, १९९१ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर आजवर आणखी पाचशेहून जास्त झालेत.

पुरस्कार जाहीर झाला तो २००७ चा जून. त्याच महिन्यात तिथल्या केंद्र सरकारनं नॉर्दर्न टेरिटरी या प्रांतात आणीबाणी पुकारून ७३ वस्त्यांचा कारभार आपल्या हातात घेतला. लहान मुलांच्या संरक्षणाचं कारण देऊन, वंशभेदविरोधी कायदा बाजूला ठेवून, मदतीला लष्कर. म्हणजे एका हातानं देशाचा सर्वोच्च साहित्य पुरस्कार, दुसऱ्या हातानं हे. आठ महिन्यांनी, १३ फेब्रुवारी २००८ ला, नव्या पंतप्रधानांनी सरकारनं आईबापांपासून तोडलेल्या अॅबोरिजिनल मुलांच्या पिढ्यांची संसदेत माफी मागितली. आणि २०२३ च्या १४ ऑक्टोबरला, या लोकांना संसदेपुढे बोलायला एक सल्लागार मंडळ असावं का यावर सार्वमत घेतलं, तर सहाच्या सहा राज्यांनी 'नाही' म्हटलं.

राइट यांची २०२३ ची 'प्रेझवर्दी' त्या आणीबाणीवरच उभी आहे. सातशेहून जास्त पानं. त्यात एक बाप हवामानबदलावर उपाय म्हणून गाढवांचा वाहतूक-व्यवसाय उभारायला निघालाय, आणि त्याच्या थोरल्या मुलाचं नाव आहे अॅबोरिजिनल सॉव्हरिन्टी, म्हणजे मूळच्या लोकांचं सार्वभौमत्व. धाकटा टीव्हीवर आपल्या लोकांबद्दल जे ऐकतो त्यावर विश्वास ठेवतो. हसू येतं आणि लगेच घशात अडकतं. तिला २०२४ मध्ये स्टेला आणि माइल्स फ्रँकलिन हे दोन्ही पुरस्कार मिळाले. पण सुरुवात 'कार्पेंटारिया'नंच करा.

आडवाट

वाचताना सारखा आपला नंदुरबार, गडचिरोली डोळ्यांपुढे येत होता. खाण, धरण, विस्थापन, तीच कथा. जगभर आदिवासींचं दुःख सारखंच असतं आणि तरीही त्यांची चिकाटी, निसर्गाशी नातं...

सातपुड्यातला

आडवाट, राग मानू नका. 'दुःख सारखंच' हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकलंय, बहुतेक वेळा व्यासपीठावरून.

मी अक्कलकुव्याकडचा. भिलोरी घरात, मराठी शाळेत. माझ्या आईच्या माहेरचं गाव नर्मदेच्या पाण्यात गेलं. मामांना तळोद्याकडच्या वसाहतीत जमीन मिळाली. घराची लाकडंसुद्धा त्यांनी खाली आणली, वासा न् वासा मोजून. वाघदेवाची जागा आणता आली नाही. ती दगड उचलून दुसरीकडे ठेवण्यासारखी गोष्ट नसते, ती त्या उताराची असते. नंतर काही वर्षं मामा पूजेच्या दिवसांत पाण्याच्या काठाला जाऊन नुसते बसून यायचे. मी लहान असताना विचारलं, देव बुडाला का? म्हणाले, 'तो कशाला बुडेल, आपण वर आलो.'

म्हणून मला हे पुस्तक जवळचं वाटलं. दुःखासाठी नव्हे. ही माणसं भांडखोर आहेत, खोटं बोलतात, एकमेकांची प्रगती बघवत नाही, उकिरड्यावर एकमेकींच्या झिंज्या उपटतात, आणि तरीही तो मुलूख त्यांचाच आहे यात शंका नाही. चांगलं वागून हक्क मिळवायचा नाहीये त्यांना. आमच्याबद्दल मराठीत लिहिलेल्या गोष्टींत आम्ही एकतर भोळे असतो नाहीतर पेटून उठलेले. मधले कधी नसतो. नॉर्म मधला आहे. मुलाशी वर्षानुवर्षं न बोलणारा अडेल बाप. असे दोन माझ्या घरातच आहेत.

चिकाटीचं म्हणाल तर, वादळात गाव जातं तेव्हा विल कचऱ्याच्या तरंगत्या बेटावर अडकतो. त्याच्या आईनं कचऱ्यातून घर बांधलं, आणि शेवटी समुद्र त्याला कचऱ्याचंच बेट देतो. त्यावर झाडं उगवतात, पक्षी येतात. तो तिथून सुटतो की नाही ते लेखिका सांगत नाही. मला तर तो अजून तिथेच दिसतो.

आडवाट

माफ करा. घाईत लिहिलं. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

टकमक

अहो शेवट फोडलात! ;) असो, आता तर वाचायलाच हवं. भूगर्भ, तो ढगाचा फोटो असेल तर टाका की.

भूगर्भ

फोटोत नुसती राखाडी पट्टी दिसते. खरंच. पहाटे गाडीच्या टपावर बसून पाहायची गोष्ट आहे ती, डास चावत असताना.

खाजणवाट

शेवट फुटत नाही या पुस्तकाचा, टकमक. गाव सपाट झालंय, नॉर्म नातवाचा हात धरून चिखलातून चाललाय, घर होतं त्या दिशेनं, आणि चहूकडे बेडूक ओरडताहेत. कुठल्या बेडकांनी काय म्हटलं ते सांगितलं तरी वाचल्याशिवाय ऐकू येणार नाही.

पानपट्टी

आणि होप? ती एकटी होडी घेऊन विलला शोधायला निघून जाते, कुणाला न विचारता. मघाशी चिडून लिहिलं त्यात हे विसरले. चला, एका बाईला तरी समुद्र मिळाला.

सोनकी

टकमक, तुमचं ग्रंथालय टिळक रस्त्याच्या मागचं, जिन्यावर चपला काढायला लावतात ते का? असेल तर चार महिने पुस्तक दाबून बसलेली बाई मीच. स्वतःची प्रत मी पहिल्या वेळी रद्दीच्या ढिगात दिली होती, आणि लाँड्रीची पावती आहे ती या दुसऱ्या, ग्रंथालयाच्या प्रतीत. पहिल्या पोस्टमध्ये मी सरळ थाप मारली. मंगळवारी परत करते. पावती आत ठेवू की काढू?

टकमक

ठेवा. नव्वदाव्या पानावर.